न मोजलेली भट्टी

तिचं पत्र येऊन आता सहा वर्षं झाली. वहीचं फाडलेलं पान होतं, अक्षर शेवटाकडे खाली उतरत गेलेलं. पत्रात विचारलेलं एकच होतं. "काका, तेव्हा मी तुम्हाला दिवस चुकीचे सांगितले का? मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तुम्ही लिहून घेतलं होतं, तुम्हाला आठवत असेल. आता परत दिवस राहिलेत, म्हणून विचारते. मला माझाच भरवसा वाटत नाही."

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. "चिरंजीव सूनबाईस" इतकं लिहून झालं. पुढचं सुचलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बसलो, तिसऱ्या दिवशी बसलो. मग एक दिवस न बसताच गेला, आणि त्यानंतरचे सगळे तसेच गेले.

आमच्या घरी विटा पाडतात. तेव्हा दादा, वहिनी, पुतण्या आणि त्याची बायको अशी चौघं मातीत असायची. मी पाचवा, घरात. चाळीस वर्षं मी गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, लग्न केलं नाही, आणि दोन्ही वेळा वहिनींच्या हातचं जेवलो. माझे हात मऊच राहिले. दादा मला पंडित म्हणायचा. त्यात थोडं कौतुक असायचं आणि बरीच चेष्टा.

भिंतीवर कॅलेंडर होतं, पण बोलण्यात ते कधी येत नसे. बोलण्यात भट्ट्या असायच्या. माती भिजवायची, तुडवायची, साच्यातून विटा पाडायच्या, वाळल्या की रचायच्या, पेटवायच्या, निवल्या की उतरवायच्या. पुढची माती भिजत पडलेलीच असायची. एका भट्टीपासून दुसरी पेटायला तीन आठवडे लागत. भाद्रपदात पाऊस ओसरला की पहिली भट्टी पेटायची आणि तिथून मोजणी सुरू व्हायची. पुतण्याला तिसऱ्या भट्टीत दात आला होता, आमची आई सातव्या भट्टीत गेली होती. पाहुण्यांना काही कळायचं नाही, आम्हाला कळायचं.

त्या वर्षी सून पहिल्यांदा पोटुशी होती. दिवस भरत आले तरी ती विटा पाडायला बसायची. गुडघे फाकवून, पोट मधे घेऊन, साच्यात गाऱ्याचा गोळा दाणकन आपटायची आणि वरची माती तारेने कापून काढायची. पाय सुजलेले असायचे. चिखल वाळून घोट्यांवर भेगाळला की सूज आणखी दिसायची.

"अगं, ऊठ आता. नुसतं पाणी मार," वहिनी म्हणायच्या.

"बसलं की बरं वाटतं, आई. उभं राहिलं की हा लाथा घालतो."

"बापावर गेलाय. तोही आत असताना मला झोपू देत नव्हता."

"आणि बाहेर आल्यावर उठायचं नाव नाही," दादा लांबून ओरडायचा.

तिचं नाव गावाच्या टोकाच्या प्रसूतिगृहात होतं. दोन खोल्या, चार खाटा आणि एक सिस्टर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, तो यायचा बंद झाला. त्याच महिन्यात शेजारच्या भट्टीवरच्या मुलीला तिथून ट्रॉलीत घालून, पोत्यांवर निजवून शहरात न्यावं लागलं. मुलगी वाचली. ट्रॉलीतली पोती मात्र जाळावी लागली, इतकं रक्त गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी जेवताना पुतण्याने विषय काढला.

"हिला मोठ्या दवाखान्यात नेऊ. इथं आता डॉक्टरही नाही."

"तू इथंच झालास," वहिनी म्हणाल्या. "तुला बघायला कुठला मोठा डॉक्टर आला होता?"

"म्हणून तर असा निघाला," दादा म्हणाला.

सून हसली, मग म्हणाली, "सिस्टरना सगळं ठाऊक आहे माझं, पहिल्यापासून. आता शेवटी शेवटी कुठं नवीन माणसांकडे जायचं?"

 दादाने ताटातून मान वर केली. "पंडित, तू बोल. एवढं वाचतोस ते कधी कामाला येणार?"

मी बाळंतपणावरचं एक जाड पुस्तक नुकतंच वाचलं होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कोणाला कळू नये म्हणून. मी म्हणालो, "मोठ्या दवाखान्यात न्यावं. रक्त लागलं तर तिथं हाताशी असतं."

"झालं तर मग," दादा म्हणाला.

त्या घरात माझ्या शब्दावर काही ठरलं, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. सुनेकडे बघून मी घाईघाईने म्हणालो, "तुझं कार्ड घेऊन जाऊ. त्यावर पहिल्यापासूनचं सगळं असतं. मी आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रसूतिगृहात गेलो. सिस्टर मागच्या अंगणात चादरी पिळत होत्या. माझ्या पुतण्याला त्यांनीच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. वाचनालयातून जाड जाड कादंबऱ्या न्यायच्या आणि वेळेवर परत करायच्या. असं दुसरं कोणी करत नसे.

"या, वाचनालय इकडे कसं आलं आज?" त्या हसल्या. हात पुसून त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. समोर कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात कार्डं उभी लावलेली.

"तुमच्या सूनबाईला परवा पाठवा हं. पोट दिवसांच्या मानाने लहान वाटतंय मला. परत एकदा मोजते."

मी मान हलवली.

"काल दोघी कार्ड घेऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात जायचंय म्हणे. जा म्हटलं. अडवणारी मी कोण? पण एकीच्या आईलासुद्धा मीच सोडवलं होतं हो. ती दारातही बसली नाही. उभ्या उभ्या कार्ड मागितलं, दूधवाल्याकडे भांडं मागावं तसं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, नुसत्या डब्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या घरचं तसं नाही. तुमची येईल. मला माहीत आहे."

मी पाणी प्यालो. नवीन पुस्तकं कोणती आली ते सांगितलं. भांडं खाली ठेवलं, उठलो, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. कार्ड मागण्याचे चार शब्द मी घरून पाठ करून नेले होते. ते तसेच परत आले.

घरी सगळे वाटच बघत होते. मी म्हणालो, "कार्ड सापडत नाहीये. सिस्टर शोधून ठेवतील."

पोट लहान वाटतं हे सांगायचं तर मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. मोठ्या दवाखान्यात नव्याने मोजतीलच, असं मी स्वतःला समजावलं.

शहरात बसने दीड तास लागला. पुतण्याला विटांची खेप होती, वहिनींना भट्टी सोडता येत नव्हती, म्हणून सुनेबरोबर मी गेलो. पत्र्याच्या शेडखाली रांग होती. उन्हात शेड तापलेली, बाकावर जागा नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. एका बाईने सरकून तिला बसवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

काचेमागच्या कारकुनाने फॉर्म सरकवला. "आधीचं कार्ड?"

"हरवलं," मी म्हणालो.

"शेवटच्या पाळीची तारीख लिहा."

फॉर्म घेऊन मी तिच्याजवळ आलो. अशी गोष्ट मी जन्मात कोणत्या बाईला विचारली नव्हती. मी फॉर्मवरच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं, मान खाली घातली.

"पहिली भट्टी पेटवली ना, त्याच्या आदल्या दिवशी," ती हळूच म्हणाली.

"आणि परवा पेटवली ती बारावी?"

"हो, बारावी."

मला सुटल्यासारखं वाटलं. पुढचं सगळं हिशेबाचं होतं, तिला काही विचारायचं राहिलं नव्हतं. अकरा वेळा तीन आठवडे, म्हणजे तेहेतीस. बसच्या तिकिटामागे मी मागे मागे मोजत गेलो आणि तारीख काढली. वळणदार अक्षरात लिहिली.

"काका, नववा लागलाय ना मला?" ती म्हणाली. "सिस्टर तसं म्हणत होत्या."

"आठवा आहे," मी म्हणालो. "मी मोजलंय."

"बरं."

कारकुनाने फॉर्म बघितला. "अक्षर छान आहे हो तुमचं," तो म्हणाला. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

आतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी फीत लावून पोट मोजलं, मशीनवर बघितलं, फॉर्मवरची तारीख बघितली. "तारखेप्रमाणे सगळं ठीक आहे. बाळ छान आहे."

सिस्टरना लहान वाटलं आणि इथं ठीक निघालं. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, हेच तर मी म्हणत होतो. लहान ठिकाणी लहान ज्ञान. शेजारी सून खिडकीला डोकं लावून झोपली होती. तिच्या मांडीवर नवीन कोरं कार्ड होतं. त्यावर माझी तारीख.

तेरावी भट्टी पेटली. त्या वर्षी पाऊस लांबला होता, आणि ऊन असं होतं की पाडलेली वीट संध्याकाळपर्यंत उचलता यायची. सून आता बसू शकत नव्हती. उभ्याने पाणी मारायची, मधेच थांबायची, कमरेवर दोन्ही हात ठेवून आकाशाकडे तोंड करून श्वास घ्यायची.

"आई, मला दिवस भरल्यासारखं वाटतंय."

"पहिलटकरणीला रोजच वाटतं. कार्डावर काय लिहिलंय?"

"अजून वेळ आहे लिहिलंय."

"मग आहे वेळ."

ती एकदा माझ्याकडेही आली. मी पायरीवर वाचत बसलो होतो. तिने विचारलं, "काका, पुस्तकात असं असतं का, की कार्डापेक्षा अंगाला आधी कळतं?"

मी म्हणालो, "अंदाज चुकतो माणसाचा. तारीख तारीख असते."

ती मातीकडे परत गेली.

दुसऱ्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा तिथं दुसरे डॉक्टर होते. त्यांनीही तारीख बघितली. "अजून तीन आठवडे. दोन आठवड्यांनी या."

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी वहिनी घरात पाण्याची कळशी घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, जरा बाहेर या." सून साच्यापाशी उभी होती. हात ओले, साचा रिकामा.

"हलत नाहीये," ती म्हणाली. "काल दुपारपासून. मला वाटलं झोपलाय."

पुतण्याने विटांचा ट्रक अर्धा भरलेला तसाच काढला. ती पुढे बसली, वहिनी आणि मी मागे विटांवर. खड्डा आला की वहिनी केबिनच्या मागच्या काचेवर हाताने थापटत होत्या, सावकाश, सावकाश, आणि पुतण्या आणखी जोरात हाकत होता.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं. मग पडदा आपल्या बाजूला वळवून घेतला. त्यांनी काही सांगण्याआधीच सून म्हणाली, "मला माहीत आहे."

तरी बाळंतपण व्हायचं होतंच. कळा आणाव्या लागल्या. एक अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. मुलगा होता. मी पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होतो, आत जावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला कापडात घेतलं होतं. एका हाताने त्याची बोटं सरळ करून बघत होत्या.

"नखं बोटांच्या पुढे आलीत," त्या तिथल्या नर्सला म्हणाल्या. "कातडी सुटायला लागलीय. हे दिवस उलटून गेलेलं बाळ आहे. आणि वाढही कमी झालेली. आपण तारखेवर गेलो, म्हणून आपल्याला ठीक वाटत राहिलं." मग खाटेकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बाई, ही तारीख कोणी दिली?"

वहिनी सुनेकडे वळल्या. "तू काय सांगितलंस गं?"

"भट्टी सांगितली मी," सून म्हणाली. ओठ सुकलेले. "पहिली."

"तुला स्वतःचे दिवससुद्धा मोजता येईनात?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. मी बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि व्हरांड्यात निघून गेलो. मला वाटत होतं, मी बरोबर मोजलं होतं. अकरा वेळा तीन. त्यात चूक कुठं होती?

ते मला चार दिवसांनी दादाने सांगितलं. सांगायचं म्हणून नाही. तो वाळलेल्या विटा कडेवर उभ्या करत होता. मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"दादा, यंदा मधे कुठली भट्टी लांबली का?"

"लांबली नाही. एक गेली. चौथ्या भट्टीनंतर अवेळी पाऊस नाही का आला? तू तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून बहिणीकडे होतास. सगळ्या कच्च्या विटांचा चिखल झाला, रचलेल्यासुद्धा. पहिल्यापासून माती तुडवली."

"मग पाचवी कोणती?"

"त्यानंतर पेटवली ती."

"आणि गेलेली?"

दादाने वीट खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "गेलेली भट्टी आपण कधी मोजलीय का रे? बापाने मोजली? तिचं नावसुद्धा काढत नाही आपण."

मला हे माहीत होतं. मी त्याच घरात जन्मलो. लहानपणी बापाची एक भट्टी फुटली होती, तेव्हा मी मोजताना ती धरली म्हणून त्याने मला मारलं होतं. बसच्या तिकिटामागे मोजताना मला ते आठवलं नाही, इतकंच. तीन आठवडे. सिस्टरच्या डब्यातल्या कार्डावर ते तीन आठवडे होते.

मी दादाला काहीच बोललो नाही. सुनेला बोललो नाही. ती अंगणात दूध पिळून टाकत बसायची, वहिनी तिच्या पाठीशी उभ्या राहून सांगायच्या, पुढच्या वेळी नीट मोज बाई. मी पुस्तक उघडून बसायचो. खरं सांगितलं तर हे घर मला ठेवील का, एवढंच माझ्या मनात यायचं. साठी उलटलेल्या, कशाच्याच कामाच्या नसलेल्या माणसाला हा विचार फार मोठा वाटतो.

वर्षभराने पुतण्याला लांबच्या गावी ट्रकवर नोकरी लागली, ती दोघं गेली. मग तिचं ते पत्र आलं, आणि मी उत्तर दिलं नाही. मुलगी झाली, सुखरूप, असं पुढे कळलं. मी स्वतःला म्हणालो, झालं ना सगळं नीट, आता त्या प्रश्नाचं काय राहिलं?

गेल्या महिन्यात दादा घसरून पडला, त्याचा हात मोडला. सून मुलीला घेऊन चार दिवस आली. शेजारच्या भट्टीवरची बाई बघायला आली होती. मुलीच्या गालाला हात लावून तिने विचारलं, "हे पहिलं का?"

"हो, पहिलं," वहिनी म्हणाल्या. "एकच आहे."

"दुसरं," सून म्हणाली.

 "ते कशाला काढतेस आता?" वहिनी पुटपुटल्या. "तेव्हा दिवस नीट मोजले असतेस तर..."

"हो ना," सून म्हणाली, अगदी सहज, हसून. "मला मोजताच येत नाही. म्हणून तर हिच्या वेळी दोन महिने आधीपासून दवाखान्यासमोर खोली घेऊन राहिले. रोज सकाळी विचारायला जायचे. तिथल्या बायका मला हसायच्या."

ती दादाच्या गोळ्या वेगळ्या करत होती. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. मोजून झाल्यावर तिने पुडी मुलीपुढे सरकवली.

"तू मोज गं परत. आईचं चुकतं."

मुलीने बोट ठेवून, मोठ्याने, एक एक गोळी मोजली. बरोबर होत्या. मी समोर बसलो होतो. तिथंच सांगता आलं असतं. मी चष्मा पुसला.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो, आणि या वेळी उठलो नाही.

"चिरंजीव सूनबाईस अनेक आशीर्वाद. तू विचारलं होतंस, दिवस चुकीचे सांगितले का. नाही. तू बरोबर सांगितलेस. नववा लागलाय हेही बरोबर सांगितलंस, भरल्यासारखं वाटतंय हेही. तारीख मी काढली आणि चुकलो. पावसात गेलेली भट्टी मी धरली नाही, आणि तुला विचारलंही नाही. कार्ड हरवलं नव्हतं. सिस्टरकडे मागायला मला संकोच वाटला, म्हणून मी खोटं बोललो. पोट लहान वाटतं, परत मोजायचंय, असं त्या म्हणाल्या होत्या. ते मी कोणालाच सांगितलं नाही. कळल्यावरही आठ वर्षं तुला बोल ऐकू दिले. क्षमा मागत नाही, मागायचा अधिकार नाही. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. मुलीलाही मोठी झाल्यावर दाखव."

पत्र घेऊन मी आधी वहिनींकडे गेलो. त्या राख चाळत होत्या. मी उभ्यानेच वाचलं. चाळण मधेच थांबली, मग पुन्हा हलायला लागली, मग थांबली. राख त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत चढली होती.

"मी तिला काय काय बोलले, भाऊजी," त्या म्हणाल्या. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं ताट इथून पुढे झाकून ठेवत जाईन. मला वाढायला सांगू नका."

मी हो म्हणालो.

पोस्टात गेलो तेव्हा दुपार होती. पेटी बाहेर होती, पण पेटीतली पत्रं दुसऱ्या दिवशी निघतात. तेवढ्या वेळात मी ते परत मागायला येईन, हे मला माझ्यावरून ठाऊक होतं. मी आत खिडकीशी गेलो.

"पेटीत टाका ना, आजोबा," पोस्टातली मुलगी म्हणाली.

"आत्ता जाणाऱ्या थैलीत टाकता का? माझ्यासमोर."

"एवढी काय घाई आहे?"

"उशीर झालाय," मी म्हणालो.

तिने पाकीट उलटसुलट बघितलं, पत्ता वाचला, शिक्का मारला. थैलीचं तोंड उघडं होतं. तिने आत टाकलं आणि दोरी ओढली.